क्षिप्रेकाठची विस्मृत झुंज

महाकालाच्या दर्शनाला जाणारे आपल्याकडील यात्रेकरू उज्जैनला रेल्वेपुलापलीकडच्या फ्रीगंजात बिऱ्हाड टाकतात, क्षिप्रेत स्नान करतात आणि कृतार्थ मनाने परततात. हीच क्षिप्रा उत्तरेस महिदपूरला जाते. तेथे तिने चाळीस वर्षांच्या अंतराने दोन रणे पाहिली, याची वार्ता त्यांतील किती जणांना असेल?

पहिले रण २१ डिसेंबर १८१७ चे. होळकर हरले आणि जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहाने त्यांची स्वतंत्र सत्ता संपली. संस्थानिकांनी पैसा पुरवावा आणि इंग्रजांनी हुकूम सोडावेत, अशी फौज या नव्या व्यवस्थेतून माळव्यात उभी राहिली. महिदपूरची पलटण त्यातलीच.

दुसरे रण ८ नोव्हेंबर १८५७ चे. मंदसोरला शहाजादा फिरोजशहाने स्वातंत्र्याचे निशाण उभारले होते. क्रांतिकारकांच्या जमावाने महिदपूरच्या छावणीवर चाल केली. पलटणीतील कित्येक शिपाई त्यांना मिळाले आणि तोफा हाती आल्या. मात्र चारच दिवसांनी रावल गावाजवळ मेजर ऑरने त्यांना गाठून त्या तोफा परत घेतल्या. महिनाअखेरीपूर्वी मंदसोरही पडले.

चार दिवसांच्या या जयाचे मोल काय, असे कोणी विचारील. आमच्या मते मोल हे की, पराभवाने लादलेली बेडी त्याच भूमीवर, ती बेडी राखण्यासाठी नेमलेल्या हातांनीच तोडू पाहिली. आणि कटू सत्य हेही की, ऑरच्या हाताखालचे हैदराबादी घोडेस्वार आपलेच देशबांधव होते. परसत्ता केवळ आपल्या बळावर टिकत नाही. ती आपल्यातील दुफळीवर पोसली जाते. १८५२ साली सत्तरीत नाणूसचा किल्ला घेणाऱ्या दिपाजी राण्यांच्या गोमंतकाला हे निराळे सांगावयास नको.

२०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ भरेल. घाट आणि रस्ते यांवर पैसा खर्च होईल. तो अवश्य व्हावा. त्यासोबत फ्रीगंजच्या टॉवर चौकात महिदपूरच्या या दोन्ही रणांची हकीकत सांगणारा एक फलक मध्य प्रदेश शासनाने उभारावा, अशी आमची सूचना आहे. आपल्या यात्रेकरूंनीही मुक्काम एक दिवस वाढवून महिदपूरची वाट धरावी. तीर्थाचे पुण्य त्याने उणे होणार नाही.