अडलं तर विचारायचं कुणाला?

२०२५ च्या दिवाळीत भाची गडहिंग्लजहून कोल्हापूरला आली ती लॅपटॉपची बॅग घेऊनच. "मामा, याचं काय करायचं ते बघ."

लॅपटॉप २०१६ चा, स्वस्तातला. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि प्रोसेसर जुना म्हणून विंडोज ११ त्याच्यावर चढत नाही. दुकानदार म्हणाला, भंगारात घाला, नवीन घ्या. भाची प्राथमिक शाळेत शिक्षिका, घराचा हप्ता चालू. आणि लॅपटॉपला तसं काहीच झालेलं नाही!

"लिनक्स टाकूया की" हे अगदी ओठावर आलं होतं. पण समोर आक्का बसलेली. आणि आमच्या आक्काच्या घरात लिनक्स ही २००९ पासून शिवी आहे.

त्याचं असं झालं. तेव्हा लहान लॅपटॉपचं, म्हणजे नेटबुकचं नवं वारं होतं. २००७ च्या शेवटी असूसचा ई-पीसी आला. सात इंची पडदा, आत लिनक्स. पाठोपाठ एसरने दुसरं लिनक्स घातलं, डेलने तिसरं. मी भारावून गेलो होतो. भाची दहावी झालेली, एमएस-सीआयटीला जाणार. मी भाऊजींना गळ घातली, "लिनक्सवालाच घ्या, स्वस्त पडतो, व्हायरस नाही." घेतला. आठ दिवसांत भाची रडकुंडीला आली. क्लासमध्ये शिकवलेलं बटण घरी सापडेना. आक्काच्या बचत गटाचा अहवाल डीटीपीवाल्याकडून आणला तर मराठीच्या जागी नुसती चिन्हं. शेवटी भाऊजींनी कुणाकडून तरी पन्नास रुपयांच्या सीडीवरून एक्सपी टाकून घेतली. आक्का म्हणाली ते अजून विसरलो नाही. "तुझं ते चांगलं असंल बाबा, पर अडलं तर हितं इचारायचं कुणाला?"

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, स्वस्त लॅपटॉपवरच्या त्या सगळ्या लढाईचा निकाल आक्काने एका वाक्यात सांगितला होता.

मायक्रोसॉफ्टने दांडगाई केली हे खरंच. २००८ च्या जूनअखेर एक्सपीची दुकानातली विक्री बंद होणार होती. पण नेटबुकवर लिनक्स शिरतंय म्हटल्यावर फक्त या स्वस्त मशीनसाठी तिची मुदत २०१० पर्यंत वाढवली. मग २००९ मध्ये विंडोज ७ ची 'स्टार्टर' आवृत्ती आली. तिच्यात वॉलपेपरसुद्धा बदलता यायचा नाही! तरी लोकांनी तीच घेतली. का? कारण शेजारच्याकडे विंडोज होतं, क्लासात होतं, डीटीपीवाल्याकडे होतं. एमएस-सीआयटी मधलं 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट, पण ते मायक्रोसॉफ्ट समजणारे मला कितीतरी भेटलेत. त्यांचं फारसं चुकतही नव्हतं, शिकवायचे ते विंडोज आणि ऑफिसच. आपल्यातल्या जुन्या ब्लॉगवाल्यांना 'बरहा' आठवत असेल. तेही विंडोजवरच. आणि लिनक्सवाल्यांनी काय केलं? प्रत्येक कंपनीचं लिनक्स निराळं. एकाला आलेलं दुसऱ्याच्या उपयोगी पडेना.

याच्या उलट गोष्टही आपल्याच महाराष्ट्रातली आहे. २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' वाल्यांनी भारतातला पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यावर केला. एकशिक्षकी शाळा, वीसेक पोरं. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर लिनक्सवर चालणारं 'शुगर' होतं, विंडोजशी काही साम्य नसलेलं. तरी पोरांनी ते हाताळलं. एक तर विसरायला आधीचं काही शिकलेलं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे अडलं तर गुरुजी त्याच खोलीत होते. पुढे मे २००८ मध्ये त्याही लॅपटॉपवर एक्सपी चालवायचं जाहीर झालं, ती गोष्ट वेगळी.

असो. दिवाळीत मी धीर करून म्हटलंच, "या वेळी मी आहे. अडलं की फोन कर, रात्री अकराला केलास तरी चालेल." लिनक्स मिंट टाकलं. सोळा वर्षांत एक मोठी गोष्ट बदललीय. मराठी आता युनिकोडमध्ये आहे, कुठेही तशीच दिसते. शाळेची बरीचशी माहिती ब्राउझरमध्येच भरायची असते. पहिल्या आठवड्यात सात फोन आले, दुसऱ्यात दोन, नंतर प्रिंटरसाठी एक. जुन्या फाँटमधल्या प्रश्नपत्रिका मात्र अजूनही चिन्हंच दाखवतात. त्या ती शाळेतल्या विंडोजवर उघडते. सगळं सुटलं असं म्हणणार नाही, पण हजारो रुपये वाचले.

माझं म्हणणं एवढंच. कुठली प्रणाली चांगली यावर आपण रात्र रात्र भांडलो, पण गरीब माणूस मशीन घेतो तेव्हा शेजारही बघून घेतो. त्याला नुसता स्वस्त लॅपटॉप देऊन भागत नाही, ओळखीतलं एक माणूस द्यावं लागतं. क्लासवाल्यांनी चार तास जरी दुसरी प्रणाली दाखवली, तरी गावोगाव अशी माणसं तयार होतील. तोवर ते काम आपलं. विंडोज १० संपलं म्हणून कुणी लॅपटॉप भंगारात काढत असेल तर आधी विचारा, काम काय करतोस? ब्राउझर आणि पत्रं एवढंच असेल तर लिनक्स टाकून द्या. पण टाकून देऊन पळून येऊ नका. मी २००९ मध्ये तेच केलं होतं.

निघताना आक्का दारात म्हणाली, "या वेळचं बरं दिसतंय तुझं." नंतर थांबून, "फोन उचलत जा म्हणजे झालं."