रस्ता वाहून जातो, कापला जातो आपला भाव



ऑगस्ट 2018 मध्ये नवापूरला रंगावलीचा पूर आला, माणसे दगावली. सप्टेंबर 2023 मध्ये तापीच्या पुरात सारंगखेड्याच्या पुलाचा भराव खचला, शहादा-दोंडाईचा वाहतूक बंद पडली. अशा वेळी सरकारी उत्तर ठरलेले: निसर्गापुढे इलाज नाही!

इलाज आहे. तो शोधण्याची दानत नाही.

पूल बांधताना मागच्या वर्षांच्या पावसावरून पुराचा अंदाज घेतात. पण तो पाऊस आता राहिला कुठे? हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या 2017 सालच्या अभ्यासात 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचे दिसले. आभाळ बदलले, मोरीचा पाइप मात्र जुन्याच हिशोबाचा!

वर आपली काळी जमीन. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावरचा डांबराचा पापुद्रा किती दिवस टिकणार?

आणि याचा भुर्दंड कोणावर? रस्ता तुटला की कापूस, ज्वारी घरात अडकते. मग खेडा खरेदीवाला येतो आणि लांबच्या फेऱ्याचे भाडे आपल्याच भावातून कापतो. डोंगरातल्या पाड्यांवर तर बाळंतीण बांबूच्या झोळीतून न्यावी लागते. आणि 2000 सालच्या कायद्याने डिझेलवर बसवलेला रस्त्याचा उपकर आपणही भरत आलो आहोत. ही भीक नव्हे, आपल्याच पैशाचा हिशोब आहे.

म्हणून नुसता रस्ता मागू नका, त्याआधी अभ्यास मागा. प्रत्येक फरशी पूल वर्षात किती दिवस पाण्याखाली जातो? कोणत्या मोरीचे तोंड अपुरे आहे? बॅरेजचे दरवाजे उघडल्यावर खालच्या भरावाला किती मार बसतो? काळ्या जमिनीत कोणता पाया टिकतो? नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, दिल्लीला 1952 पासून केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आहे. त्यांनी आपल्या नाल्यावर येऊन मोजावे, आणि निष्कर्ष मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावेत.

ते येईपर्यंत आपण हातावर हात धरून बसायचे नाही. पूर कोणत्या दगडापर्यंत चढला, रस्ता किती दिवस बंद राहिला, भाड्यापोटी क्विंटलमागे किती कापले, हे गावागावांत वहीवर लिहा. पुढच्या जिल्हा बैठकीला ती वही घेऊन या. तोंडी गाऱ्हाणे साहेब विसरतो. लिहिलेल्या आकड्याला त्याला उत्तर द्यावेच लागते.