फेणे मोठा का झाला?

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवरची चर्चा एकाच खुंटीला अडकते : ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर दिसलेला सुमीत राघवन खरा, की २०१७च्या चित्रपटातला अमेय वाघ? हा वाद मला निरर्थक वाटतो. मुद्दा नटाचा नाही, वयाचा आहे.

भागवतांचा बनेश हा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकल दामटणारा शाळकरी पोरगा. मोठ्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसते, आणि साहस नेमके तिथून सुरू होते. आदित्य सरपोतदारांच्या चित्रपटात मात्र तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो. चित्रपट वेगवान आहे, परीक्षेतल्या गैरव्यवहाराचा विषयही खरा आहे (दिलीप प्रभावळकरांचे भागवत तर लोभसच). पण धट्ट्याकट्ट्या तरुणाने गुन्हा उकलला यात नवल ते काय? एक चुणचुणीत लहान मुलगा तिथे आहे, पण मदतनीस म्हणून. चाळिशीतल्या वाचकांना त्यांचे बालपण परत मिळाले. दहा वर्षांच्या मुलाचा नायक तेवढा काढून घेतला गेला. आणि ‘ट्टॉक्’ ऐकून टाळ्या पिटणाऱ्या मराठीच्या किती प्राध्यापकांनी वर्गात कुमारसाहित्याचे नाव तरी काढले आहे?