आसरा सर्वांसाठी

अणुस्फोटानंतर किरणोत्सारी धूळ दूरवर पसरते. तिच्यापासून बचावाची साधने मात्र साधी आहेत : जाड भिंती, बंद दारे आणि धीर. स्फोटानंतर एका तासाने असलेली किरणोत्साराची तीव्रता सात तासांनी सुमारे दशांश, तर दोन दिवसांनी शतांश उरते. म्हणून निदान पहिला दिवस छप्पर व बाहेरच्या भिंतींपासून दूर, आतल्या खोलीत काढावा.

पण ही खोली सर्वांजवळ असते काय? बंगळूरच्या चामराजपेटेसारख्या जुन्या, दाट वस्तीत जाड भिंतींची घरे आहेत, तशी पत्र्याची छपरेही आहेत. पत्रा ही किरणे फारशी अडवीत नाही. अशा ठिकाणी शाळा व कार्यालयांतील सुरक्षित खोल्या आधीच ठरवून लोकांना त्यांच्या भाषेत सांगितल्या पाहिजेत. ज्याला पक्के घर नाही, त्याला केवळ 'घरातच राहा' असे सांगणे, हे संरक्षण नव्हे.