इरईत गेलेली वही

ओळखीतले एक बुजुर्ग वारले. चाळिसावा झाल्यावर मुलांनी त्यांची पेटी उघडली. जीर्ण कुरआन शरीफ, हाताने लिहिलेल्या दोन बयाझ, हकिमी नुस्ख्यांची वही, जिल्द सुटलेली एक फारसी किताब. सगळं पांढऱ्या कपड्यात बांधून इरई नदीत ‘ठंडं’ केलं. मला कळलं तेव्हा आठवडा उलटला होता. बेअदबी होऊ नये ही त्यांची भावना खरीच. पण कुरआनच्या पानांचा नियम खोकल्याच्या काढ्यालाही लागला!

तेव्हापासून ‘तारीफ-ए-हुसैनशाही’ डोक्यातून जात नाही. आफताबी नावाच्या शायराने अहमदनगरच्या पहिल्या हुसेन निजामशाहावर लिहिलेलं हे सचित्र फारसी काव्य. १५६५ची तालिकोटची लढाई त्यात आहे. दख्खनी चित्रकलेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. चित्रांत शाहाजवळ राणी खुंजा हुमायून बसलेली होती. होती म्हणतो, कारण पुढे कोणीतरी बऱ्याच चित्रांतून तिची आकृती पुसली. ही चांदबीबीची आई. शाहानंतर लहान मुर्तजाच्या नावाने कारभार तिने पाहिला आणि शेवटी त्याच मुलाने तिला कैदेत टाकलं. एका चित्रात बाईच्या स्पर्शाने झाड बहरतं. हा दोहदाचा संकेत संस्कृत काव्यातला, आणि किताब फारसी! आपल्याकडचे काही जण चित्रं म्हटली की तोंड फिरवतात, बाकीचे फारसी म्हटलं की परकं समजतात. दोघांनीही हे एकदा पाहावं.

ही किताब वाचली ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात. १९८७ साली मंडळाने ती छापलीही. जपणाऱ्यांनी लिहिणाऱ्याचा मजहब विचारला नाही.

सर्बियाचे लोक आपली बाराव्या शतकातली सचित्र इंजील, मिरोस्लावची गॉस्पेल, कशी सांभाळतात पाहा. १९१५ साली फौज हरून अल्बेनियाचे डोंगर ओलांडत होती, त्या पळापळीतही ती देशाबाहेर नेऊन वाचवली गेली. तिचं एक पान एकोणिसाव्या शतकात एका रशियन पाद्र्याने नेलं, ते सेंट पीटर्सबर्गला गेलं. त्या एका पानाची हळहळ तिथे दीर्घकाळ राहिली. आपण पेटीच्या पेटी सोडून देतो.

आपल्या पेट्यांत सोन्याची चित्रं नसतील. पण चांदा-गडचिरोलीच्या जंगलात मुसलमान कुठून आले, कोणती जडीबुटी वापरत, कोणाशी सोयरीक करत, हे त्या वह्यांशिवाय कुठे लिहिलंय? कुरआनची पानं अदबीने ठंडी करा, जरूर करा. बाकीचे कागद आधी वेगळे काढा. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, एकेक पानाचा फोटो घ्या. वाचता येत नसेल तर मशिदीतल्या मौलानांना दाखवा, तेवढं उर्दू-फारसी त्यांना येतं.

वडशाच्या एका मामूंनी पेटी बघायला बोलावलंय. घर वैनगंगेपासून दूर नाही. पाऊस लागण्याआधी जाऊन यायला हवं.