ख्रिस्तराजाची सत्ता आणि वऱ्हाडातील आपले नागरिकत्व

उपासना वर्षाच्या अखेरच्या रविवारी अखिल ख्रिस्तसभा ख्रिस्तराजाचा सण साजरा करते. 11 डिसेंबर 2025 रोजी या सणाच्या स्थापनेला शंभर वर्षे पूर्ण झाली. शताब्दीच्या निमित्ताने आपण सर्वांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा, असे आम्हांला वाटते. आपण ख्रिस्ताला राजा म्हणतो, तेव्हा आपल्यावर राज्य करणाऱ्या शासनाविषयी आपण नेमके काय म्हणत असतो?

हा प्रश्न आता केवळ धर्मशिक्षणाच्या वर्गापुरता उरलेला नाही. 14 फेब्रुवारी 2025 रोजी महाराष्ट्र शासनाने राज्याच्या पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली आणि धर्मांतरविषयक कायद्याचा विचार तिच्याकडे सोपविला. त्याच वर्षी 25 जुलै रोजी छत्तीसगडमधील दुर्ग रेल्वे स्थानकावर दोन धर्मभगिनींना धर्मांतर व मानवी तस्करीच्या आरोपांखाली अटक झाली. 2 ऑगस्ट रोजी त्यांना जामीन मिळाला. दुर्गहून मुंबईकडे येणारा लोहमार्ग नागपूर, बडनेरा, अकोला असाच येतो. ती बातमी आपल्यापासून किती दूरची होती, हे ज्याने त्याने ठरवावे.

अशा वेळी दोन मोह संभवतात. ख्रिस्ताला राजा म्हणण्याचा संकोच बाळगावा आणि ती भाषा मंदिराच्या चार भिंतींत ठेवावी, हा पहिला मोह. राजा आपलाच आहे, तेव्हा सत्ताही आपल्या बाजूची असावी अशी आस धरावी, हा दुसरा. या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत, असे आमचे नम्र मत आहे.

सणाचा उगम

पोप पायस अकरावे यांनी 'क्वास प्रीमास' या विश्वपत्राद्वारे हा सण सुरू केला, तेव्हा निकेया विश्वपरिषदेला सोळाशे वर्षे झाली होती. 1917 ते 1922 या अवघ्या पाच वर्षांत रशियाचा झार, जर्मनीचा कैसर, ऑस्ट्रियाचा सम्राट आणि तुर्कस्तानचा सुलतान यांची राजपदे लयाला गेली होती. मात्र रिकाम्या सिंहासनांभोवती नवे धनी उभे राहत होते. खुद्द रोममध्ये 1922 साली मुसोलिनी सत्तेवर आला. नागरिकाचे श्रम, त्याच्या मुलांचे शिक्षण आणि त्याचे मनसुद्धा राज्याच्या मालकीचे आहे, असा या नव्या सत्तांचा दावा होता. माणसाचा अंतिम धनी राज्य नव्हे, हे सांगण्यासाठी हा सण आला.

त्याची किंमत अनेकांना मोजावी लागली. मेक्सिकोत धर्मगुरू मिगेल प्रो यांना 23 नोव्हेंबर 1927 रोजी गोळ्या घालण्यात आल्या. ख्रिस्तराजाचा जयजयकार हे त्यांचे अखेरचे शब्द ठरले. 1937 साली झावळ्यांच्या रविवारी जर्मनीतील धर्मपीठांवरून नाझी राजवटीचा निषेध करणारे पोप महोदयांचे पत्र वाचले गेले. शेतकऱ्यांच्या या वऱ्हाडात एका शेतकऱ्याचे स्मरण तर आवर्जून करावयास हवे. ऑस्ट्रियातील फ्रान्स येगरश्टेटर यांनी हिटलरच्या सैन्यात लढण्यास नकार दिला. पत्नी व लहान मुली मागे ठेवून 9 ऑगस्ट 1943 रोजी ते देहदंडाला सामोरे गेले. 2007 साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले.

मात्र इतिहासाचे दुसरे पानही आपण झाकून ठेवू नये. स्पेनच्या यादवी युद्धात ख्रिस्तराजाचा जयघोष करीत एका पक्षाने आपल्याच देशबांधवांवर शस्त्र चालविले आणि त्यातून दीर्घकाळाची हुकूमशाही आली. राजाचे नाव घेणारा प्रत्येक जण त्या राजाचा सेवक असतोच असे नाही.

वऱ्हाडातील दुहेरी अंमल

एका रयतेवर दोन सत्ता म्हणजे काय, हे वऱ्हाडाला कोणी शिकविण्याची गरज नाही. अठराव्या शतकात येथे दुहेरी अंमल होता. एकाच गावातून निजामाचे अंमलदारही वसुली करीत आणि नागपूरकर भोसल्यांचेही. 1803 साली अकोला जिल्ह्यातील अडगावची लढाई झाली, गाविलगड पडला, आणि देवगावच्या तहाने भोसल्यांचा हक्क संपुष्टात आला. पुढे 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. 1902 साली वार्षिक 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमचा पट्टा झाला. तरी नाममात्र स्वामित्व निजामाकडेच राहिले, आणि 1936 च्या करारानंतर येथे दोन ध्वज लावण्याची रीत आली. राज्य एकाचे, मान दुसऱ्याचा आणि सारा मात्र शेतकऱ्याचा, अशी ही व्यवस्था होती.

ख्रिस्ताचे राजपद असेच एक दुसरे राज्य आहे, अशी समजूत अनेकांची असते. आपल्याविषयी जो संशय घेतला जातो, त्याचे मूळ येथेच आहे. शासनाचा एक ध्वज आणि ख्रिस्ती लोकांचा दुसरा, मग त्यांची निष्ठा कोठे, असा तो संशय.

आपल्या धर्मप्रांताचा जन्मच या संशयाच्या काळात झाला. त्या वेळी वऱ्हाड मध्य प्रदेश राज्यात होते व नागपूर ही त्याची राजधानी होती. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी त्या शासनाने 1954 साली निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ही चौकशी चालू असतानाच 1955 साली अमरावती धर्मप्रांताची स्थापना झाली. 1956 साली समितीचा अहवाल आला. ख्रिस्ती लोकांची निष्ठा देशाबाहेर वळविली जाते, हा आक्षेप त्यात ठळक होता. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडावा, अशी शिफारसही त्यात होती. त्याच वर्षी राज्यपुनर्रचना होऊन वऱ्हाड मुंबई राज्यात आले. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात 1968 साली धर्मांतरविषयक कायदा झाला.

त्या अहवालातील पुष्कळ निष्कर्ष आपल्याला अन्यायकारक वाटतात. परंतु संशयाला काही कारण होते, हेही प्रामाणिकपणे मान्य करावयास हवे. परकीय राजवटीच्या छायेत वाढलेल्या मिशन कार्याला त्या राजवटीचा आधार मिळाला होता. दुष्काळात धान्याच्या पाटीबरोबर कोणी श्रद्धेची मागणी केली असेल, तर तो केवळ शिष्टाचाराचा भंग नव्हता. तो ख्रिस्ताच्या राजपदाविरुद्धचा अपराध होता. ज्या विवेकबुद्धीवर केवळ देवाचा अधिकार, ती भाकरीच्या मोलाने घेणे म्हणजे राजाच्या मालकीवर हात टाकणेच होय.

मर्यादा घालणारे राजपद

पवित्र शास्त्रात हा विचार फार जुना आहे. इस्राएली लोकांनी राजा मागितला, तेव्हा शमुवेल संदेष्ट्याने त्यांना सावध केले होते. राजा तुमचे मुलगे नेईल, उत्तम शेते व द्राक्षमळे घेईल, पिकाचा दशांश घेईल, हे त्याने आधीच सांगितले. पुढे अहाब राजाने नाबोथाचा वडिलोपार्जित मळा खोट्या साक्षीदारांच्या आधारे बळकावला, तेव्हा एलिया त्याच्यासमोर उभा राहिला. राजाच्याही वर कोणी आहे, हा या साऱ्या कथांचा आशय आहे.

प्रभू येशू पिलातासमोर उभा होता, तेव्हा त्याने सुभेदाराचा अधिकार नाकारला नाही. तो अधिकार वरून मिळालेला आहे, एवढीच त्याने जाणीव करून दिली. आपले राज्य या जगातून उगवलेले नाही, म्हणून आपले सेवक शस्त्र घेऊन लढत नाहीत, हेही त्याने स्पष्ट केले. कैसराचे नाणे कैसराला परत करावे, असे सांगणाऱ्या प्रभूने देवाचे जे आहे ते देवाला देण्याची आज्ञाही त्याच श्वासात दिली. नाण्यावर कैसराची प्रतिमा असते, माणसावर देवाची. म्हणून कर द्यावा, कायदा पाळावा, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी, हे संत पौलाचे शिक्षण आपण मानतो. आणि देवाच्या आज्ञेविरुद्ध हुकूम सुटला तर माणसांपेक्षा देवाची आज्ञा पाळावी, हे संत पेत्राचे उत्तरही आपलेच आहे.

दुहेरी अंमल आणि ख्रिस्ताचे राजपद यांत हाच भेद आहे. दुहेरी अंमलात दोन्ही धनी एकाच कणगीवर हात टाकीत. ख्रिस्त शासनाचा सारा मागत नाही आणि शासनाच्या सिंहासनाशी स्पर्धाही करीत नाही. तो फक्त एक सीमा आखून देतो, आणि ती सीमा ख्रिस्तसभेलाही लागू आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला, तेव्हा हे अधिक स्पष्ट झाले. 1925 च्या पत्रात राज्यांनी व राज्यकर्त्यांनी ख्रिस्ताला जाहीर मान द्यावा, ही अपेक्षा प्रबळ होती. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये, असे परिषदेने सांगितले.

संविधान आणि आपण

भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य मान्य केले आहे. ज्या संविधान सभेने तो स्वीकारला, तिच्यात अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख बसत होते. त्याच सभेत ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव जागांचा आग्रह सोडून दिला होता. वेगळा ध्वज नको, समान नागरिकत्व हवे, हे आपल्या पूर्वसूरींनी तेव्हाच सांगितले.

या स्वातंत्र्याला मर्यादा आहेत. स्वधर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली दिला. बळजबरी व फसवणूक यांना बंदी असावी, याला कोणत्याही ख्रिस्ती माणसाचा विरोध असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो पुढच्या पावलाला. मध्य प्रदेशाच्या 2021 च्या कायद्याने धर्म बदलू इच्छिणाऱ्याने 60 दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावे, अशी अट घातली. ज्या क्षणी माणूस देवापुढे एकटा उभा असतो, त्या क्षणी तेथे अधिकाऱ्याची खुर्ची मांडली जाते. तेथे सीमा ओलांडली जाते, असे आमचे मत आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीतील माणूस ख्रिस्ती होताच त्याच्या सवलती जातात, हीदेखील श्रद्धेवर लावलेली किंमतच आहे. गाव त्याची जात विसरत नाही; सरकारी कागद तेवढा विसरतो.

ही सीमा केवळ आपल्यासाठी नाही. 1986 साली केरळमधील यहोवाचे साक्षीदार पंथाच्या तीन मुलांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. न्यायालयाने त्यांचे रक्षण केले. आपण कॅथोलिक राष्ट्रगीत अभिमानाने गातो आणि त्या पंथाची शिकवण आपल्याला मान्य नाही. तरीही तो निकाल आपल्याही विवेकाचे कुंपण आहे. म्हणून बौद्ध, मुसलमान वा हिंदू शेजाऱ्याच्या विवेकावर गदा येते, तेव्हा गप्प राहणाऱ्याला ख्रिस्तराजाचे नाव घेण्याचा अधिकार उरत नाही.

आणि आता आपल्या घरातले. 15 जानेवारी 2026 रोजी राज्यातील इतर महानगरपालिकांबरोबर अमरावती व अकोला येथेही मतदान झाले. उमेदवार दाराशी आले, तेव्हा आपण काय मागितले? दफनभूमीची भिंत आणि मंदिराकडे जाणारा रस्ता मागणे गैर नाही. पण कापसाला भाव नाही म्हणून खचलेल्या शेतकऱ्याबद्दल, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीबद्दल आपण बोललो का? संरक्षणाच्या आशेने मत द्यायचे आणि बदल्यात मौन पाळायचे, हा सौदा कितीही शहाणपणाचा वाटला तरी त्याची परंपरा चांगली नाही. पिलातासमोर, आम्हांला कैसराखेरीज राजा नाही असे ओरडणारे परकीय शिपाई नव्हते. ते धर्माचे अधिकारी होते, ही गोष्ट आपण विसरू नये.

आमच्या धर्मप्रांतातील श्रद्धावंत संख्येने मूठभर आहेत. पण ख्रिस्तराजाचे सिंहासन क्रूस आहे आणि त्याचा मुकुट काट्यांचा. त्याच्या प्रजेने ना कोणाला धमकावावे, ना कोणाला घाबरावे. कर वेळेवर भरावा, कायदा पाळावा, अन्याय्य कायद्याविरुद्ध न्यायालयात व मतपेटीत सनदशीर मार्गाने उभे राहावे, शेजाऱ्याची भाकरी आणि विवेक दोन्ही जपावेत. पुढील सणाला आपण प्रभूला राजा म्हणून वंदन करू, तेव्हा त्या शब्दाचा हा अर्थ आपल्या ध्यानी असावा, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.