स्वस्त कयाक कशाला म्हणायचे?

आखाती देशांतून सुट्टीवर आलेली आमची मुले हल्ली एक नवा प्रश्न विचारतात. "सर, खाडीत गळाने मासे धरायला कयाक घ्यायची आहे. स्वस्तातली कोणती घेऊ?" दुबई-मस्कतच्या किनाऱ्यावर त्यांनी ती पाहिलेली असते. कोकणातल्या मुसलमानाला खाडी काही नवी नाही. दालदी समाजाची तर रोजीच पाण्यावर. पण शिकून नोकरीला लागलेल्या पिढीच्या हातातले वल्हे सुटले आणि आता ती शौक म्हणून पाण्याकडे परतू पाहते आहे. मला हे आवडते. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर मोबाइलवरच्या जाहिरातींवर सोडू नये असे वाटते.

माझे मत सरळ आहे. जी कयाक तुम्हाला एकट्याने पाण्यापर्यंत नेता येते आणि उलटली तर खोल पाण्यात एकट्याने जिच्यावर परत चढता येते, तीच पहिली कयाक म्हणून घ्यावी. या दोन गोष्टी जमत नसतील तर ती फुकट मिळाली तरी महाग आहे.

कयाक दोन प्रकारच्या असतात. एकीत आत पाय घालून बसायचे, दुसरीत वर बसायचे. आत बसायची कयाक उलटली की तिच्यात पाणी भरते आणि नवशिक्याला ते भर पाण्यात उपसता येत नाही. वर बसायची कयाक आतून बंद आणि पोकळ असते. बैठकीवर आलेले पाणी आरपार भोकांतून निचरते. ती सरळ करायची, पोटावर झोपून अंग वर ओढायचे, मग वळून बसायचे. मासेमारीसाठी हीच घ्यावी. लांबी दहा ते बारा फूट, रुंदी तीस ते चौतीस इंच असली की पुरे. अरुंद कयाक वेगाने पळते, पण मासा लागल्यावर बाजूला झुकलात तर दगा देते. आपल्याकडच्या जुन्या होड्यांना उलांडी लावायचे ते याच भीतीने.

वजनाचे गणित दुकानात कोणी सांगत नाही. कंपनी लिहिते ती वजन पेलण्याची अगदी शेवटची मर्यादा. त्याचे दोन तृतीयांशच आपले समजावे. 150 किलो लिहिले असेल तर तुम्ही, सामान, बर्फ, मासे मिळून 100 किलो. त्यापुढे कयाक पाण्यात बसते आणि लाट थेट मांडीवर येते.

आता हवा भरायच्या कयाकबद्दल. ती पिशवीत मावते, मोटरसायकलवर नेता येते, किंमतही कमी, त्यामुळे मुलांचा जीव तिच्यावर फार. शांत तलावात ती चालेल. आमच्या खाडीत मात्र प्रत्येक खडकाला आणि जेटीच्या खांबाला कालवे चिकटलेली असतात. त्यांची धार अनवाणी पाय कापते, तिथे पातळ रबराची काय कथा! शिवाय माशांचे काटे आणि आपलीच गरी. वारा सुटला की अशी कयाक पानासारखी वाहत जाते ते वेगळेच.

जाड प्लास्टिकच्या अखंड साच्यातली कयाक दगडावर घासली तरी टिकते, पण तिचे वजन पंचवीस-तीस किलो भरते. फायबरची त्याच मापात हलकी बांधता येते. ती दगडावर तडकते, पण किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर सापडतात. ओहोटीला जेटीखाली पन्नास-शंभर पावले चिखल उघडा पडतो हे डोळ्यांसमोर आणा आणि मग निवड करा. पायाने पेडल मारायच्या कयाकचा मोह पहिल्या वेळी टाळा. किंमत कितीतरी पट, वजन जास्त, आणि उथळ पाण्यात, जाळ्याच्या दोरीत किंवा कांदळवनाच्या मुळांत तिचे पाते अडकते.

माझा सल्ला जुनी, वापरलेली कयाक घेण्याचा आहे. पाहायचे एवढेच: बैठकीखालचा तळ घासून पातळ झाला आहे का, पाणी निचरण्याच्या भोकांच्या कडांना बारीक चिरा आहेत का, झाकणाचे रबर शाबूत आहे का. आत दोन-तीन बादल्या पाणी ओतून कयाक सगळीकडे कलती करा; गळती असेल तर बाहेर झिरपताना दिसेल. मागच्या बुचाचा एक जास्तीचा नग घ्या. बूच विसरले तर चांगली कयाकही हळूहळू बुडते.

दहा रुपये असतील तर सातच कयाकवर खर्च करा. उरलेल्या तिनांत अंगाला घट्ट बसणारे लाइफ जॅकेट, हलके वल्हे, ते बांधायची दोरी, शिट्टी आणि मोबाइलसाठी जलरोधक पिशवी. मोबाइलमध्ये तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक. जॅकेट कयाकमध्ये पडून उपयोग नाही, ते अंगावर हवे. पोहता येते हे त्याला उत्तर होत नाही.

आणि एक शहाणपण विकत मिळत नाही: भरती-ओहोटी. आपल्या घरात हिजरी कॅलेंडर असतेच, तेच वाचा. चांद दिसल्यानंतरचे दोन-तीन दिवस आणि चौदाव्या-पंधराव्या रात्रीनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. तेव्हा प्रवाह जोरात असतो, नवशिक्याने घरी बसावे. आठवी-नववी आणि बावीस-तेविसाव्या तारखेच्या आसपास भांगाचे पाणी, ते शिकायला बरे. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याच वेळी ओहोटी असेल तर दोघे मिळून तुम्हाला खाडीच्या मुखाकडे ढकलतात. म्हणून जाताना प्रवाहाविरुद्ध जा, म्हणजे थकल्यावर प्रवाहच घरी आणतो. 1 जून ते 31 जुलै राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कयाकवाल्यानेही समुद्राचे नाव काढू नये.

खाडीत आपण शौकासाठी उतरतो, पण तिथल्या चाचांची चूल त्याच पाण्यावर पेटते. त्यांच्या जाळ्यांपासून दूर राहा. तांबोशी, जिताड्याचे पिल्लू लागले तर ओल्या हाताने सोडवून पाण्यात द्या. कुठे भोवरा आहे, कुठे गाळ साचला आहे हे त्यांना विचारा. सलाम करून विचारले तर कोणी नाही म्हणत नाही.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याला सांगा, कयाक छातीभर पाण्यात न्यायची आहे. जॅकेट घाला, मुद्दाम उलटा आणि पाय तळाला न टेकता तीनदा परत चढून दाखवा. नाही चढता आले तर व्यवहार तिथेच थांबवा. चढता आले तर घ्या, पण पहिले चार दिवस गळ घरी ठेवा आणि फक्त वल्हवा. मासे खाडीतच आहेत, पाचव्या दिवशीही मिळतील.